पर्समधली चिठ्ठी

प्रश्न : पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टेस्टिंग लॅबमधून हे पत्र आलं आहे. लिहिणारी २७ वर्षांची, मेटलर्जीची पदवीधर, नोकरीचं चौथं वर्ष. लॅबमध्ये येणारा बराचसा माल विमानांच्या सुट्या भागांचा असतो. दोन महिन्यांपूर्वी तिने टायटॅनियमच्या एका फोर्जिंगचा (तापवून, दाबून घडवलेल्या भागाचा) टेन्साइल बार, म्हणजे ताणून तोडायची नमुन्याची कांडी, तोडला. इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत वाढलेली लांबी, किमान १० टक्के हवं होतं, तिच्या मोजणीत ९.२ भरलं. तिने आकडा चिठ्ठीवर लिहून लॅबप्रमुखांना दाखवला. त्यांनी तुटलेले तुकडे स्वतः जुळवले, व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "दहा आहे की. तुझा हात अजून बसलेला नाही." शीटवर १० गेलं, रिपोर्टवर 'टेस्टेड बाय'च्या रकान्यात तिची सही झाली आणि माल रवाना झाला.

ती लिहिते : "सरांनीच मला सगळं शिकवलंय. पॉलिशिंगच्या चाकावर सँपल कसं धरायचं इथपासून. त्यांनी मुद्दाम खोटं केलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण रात्री डोक्यावरून विमान गेलं की झोप उडते. भाऊ म्हणतो राजीनामा दे आणि हिंजवडीत डेटाचं काही काम बघ. मैत्रीण म्हणते कस्टमरला निनावी मेल टाक. बाबा म्हणतात घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, विसरून जा. ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. मी काय करू?"

उत्तर :

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुला एक ओळ पाठवली होती : ते दोन तुकडे भंगारात जाऊ देऊ नकोस. लॅबमध्ये तुटलेले बार ठरावीक मुदतीपर्यंत पाकिटात घालून ठेवतात आणि मग एका दुपारी कुणीतरी येऊन कपाट रिकामं करतं. तुझं उत्तर आलं की पाकीट जागेवर आहे. बरं झालं. आता सावकाश बोलू.

आधी तो आकडा बघू, कारण तुझी झोप त्याने उडवली आहे. ६.२५ मिलिमीटर व्यासाचा बार, गेज लेंथ (बारवरच्या दोन खुणांमधलं मूळ अंतर) २५ मिलिमीटर, असं तू लिहिलंस. ९.२ टक्के म्हणजे तुटल्यानंतरची लांबी २७.३ मिलिमीटर. १० टक्के म्हणजे २७.५. तुझ्या आणि सरांच्या मोजणीत ०.२ मिलिमीटरचं अंतर आहे. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर साधारण तेवढी जाडी होते. तुटलेल्या टायटॅनियमची टोकं कपासारखी खोलगट आणि कडेला खडबडीत असतात. ती एकमेकांत नेमकी बसवून खुणांमधलं अंतर घेणं हे खरोखरच हाताचं काम आहे. सर तेवढ्यापुरतं बरोबर बोलले.

पण एक गोष्ट त्यांनाही ठाऊक असणार. तुकडे नीट बसले नाहीत तर मधे फट राहते, आणि फट राहिली की लांबी वाढते. टोक चेपलं असेल तर उलटंही होतं, पण सहसा निष्काळजी जुळवणीचा कल इलाँगेशन फुगवण्याकडेच असतो. दोन माणसांच्या मोजणीत फरक पडला आणि दुसरी मोजणी नेमकी स्पेसिफिकेशनच्या रेषेवर येऊन थांबली, तर मी दुसऱ्या मोजणीकडे जास्त बारकाईने बघेन. सर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. डोळ्यांना जे हवं असतं ते दिसेपर्यंत हात तुकडे फिरवत राहतो. मी स्वतः फिरवले आहेत.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती चिठ्ठी. आकडा चिठ्ठीवर का लिहिलास? रॉ डेटा शीट समोर होती, पेन होतं. कुणी सांगितलं म्हणून, की सगळे तसंच करतात म्हणून? ज्या लॅबमध्ये आकडा आधी चिठ्ठीवर उतरतो आणि 'बघून' मग शीटवर चढतो, तिथे सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं की आकड्याला परवानगी लागते. हे ठरवणं तुझ्या बारच्या कितीतरी आधीचं आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या तुझ्या सहीचा आहे असं मला वाटत नाही, आणि एकट्या सरांचाही नाही.

तुझ्या पत्रात दोन गृहीतं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एका ओळीत तू म्हणतेस, "०.८ टक्क्याने काय होणार, डिझाइनमध्ये मार्जिन असतंच." दुसऱ्या ओळीत तुझ्यामुळे विमान पडतं. दोन्ही जरा तपासू.

विमान पडण्याचं आधी. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान सू सिटीला उतरताना कोसळलं. मागच्या इंजिनाची फॅन डिस्क हवेतच फुटली आणि तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या तिन्ही यंत्रणा तोडल्या. शंभरावर माणसं गेली. डिस्कचे मोठे तुकडे काही महिन्यांनी आयोवातल्या मक्याच्या शेतात सापडले. धातू तुझाच : टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. चौकशीत दिसलं की १९७१ साली धातू वितळवताना नायट्रोजनमुळे कडक झालेला एक बारीकसा कण आत राहून गेला होता. त्यातून सुरू झालेली चीर वर्षानुवर्षं वाढत गेली आणि देखभालीतल्या पेनिट्रंट (चिरेत शिरणाऱ्या रंगद्रावाच्या) तपासणीतही नजरेतून सुटली. असा कण टेन्साइल बारमध्ये सापडणं हा निव्वळ नशिबाचा भाग. त्यानंतर धातू वितळवण्याच्या पद्धती बदलल्या, तपासण्या वाढल्या. हे सांगण्याचं कारण एवढंच की एक बार विमान वाचवत नाही आणि एक बार विमान पाडत नाही. तू साखळीतली एक कडी आहेस. रात्री डोक्यावरून जाणारं विमान एकटीच्या खांद्यावर घेऊ नकोस.

आता मार्जिन. मार्जिन असतं, पण ते कुणाचं? डिझाइन करणाऱ्याचं. ताकदीचा जो आकडा धरून तो गणित मांडतो त्याला 'ए-बेसिस' म्हणतात. म्हणजे ९५ टक्के खात्रीने सांगता येईल की त्या धातूचे किमान ९९ टक्के नमुने या आकड्याच्या वर असतील. हा आकडा शेकडो बार तोडून, कमी आलेले निकालही जसेच्या तसे नोंदवून काढलेला असतो. ज्या ज्या लॅबने रेषेखालचा आकडा उचलून रेषेवर ठेवला तिने त्या गणितातलं तळाचं टोक कापून टाकलं. समोरच्याला वाटतं की या धातूत कमी काही येतच नाही. मार्जिनच्या भरवशावर आकडा गोल करणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातल्या पैशावर उदार होणं.

त्याहून मोठी गोष्ट : इलाँगेशन हे लक्षण आहे. टायटॅनियममध्ये ते कमी येण्याची कारणं असतात. धातूत ऑक्सिजन जास्त शिरला तर ताकद वाढते आणि लवचिकता जाते. फोर्जिंगच्या भट्टीत तापमान सुमारे ९९५ अंशांच्या वर गेलं तर आतली रचनाच बदलते, जाड पट्ट्यांची विणलेल्या टोपलीसारखी जाळी तयार होते आणि बार लवकर तुटतो. त्या दिवशी ९.२ आल्यावर कुणी त्याच फोर्जिंगचा तुकडा माउंट करून, क्रोल नावाच्या आम्लाच्या द्रावाने एच करून (पृष्ठभाग हलका खाऊन) मायक्रोस्कोपखाली बघितला का? ताकदीचा आकडा नेहमीपेक्षा वर होता का? तुझ्या पत्रात याबद्दल काही नाही, म्हणून मी धरून चालते की बघितलं नाही. ताप आल्यावर पाऱ्याचा थर्मामीटर झटकून पुन्हा लावला आणि मुलाला शाळेत पाठवलं, तसं झालं.

साधंच असेल कदाचित. बारच्या पृष्ठभागावर टूलची खूण राहिली असेल, तुटण्याची जागा गेज लेंथच्या टोकाला असेल. एएसटीएम ई-८ या टेन्साइल चाचणीच्या प्रमाणात याची सोय आहे. बार वाईट मशीन झाला असेल, माप चुकलं असेल, मशीन बिघडलं असेल किंवा बार गेज लेंथच्या मधल्या अर्ध्या भागाबाहेर तुटला असेल, तर तो बाद करून नवा बार घेता येतो. ही पळवाट नाही, नियम आहे. पण त्याची एक अट आहे, ती कागदावर नसते आणि चांगल्या टेस्टरच्या हाडात असते : बार बाद करायचा की नाही हे आकडा बघायच्या आधी ठरवायचं. १२ टक्के आलेल्या बारवर टूलची खूण शोधायला आपण कधी भिंग घेतो का?

'रीटेस्ट' ही वेगळी भानगड. तिथे बार निर्दोष असतो, मटेरियल नापास होतं. एरोस्पेसच्या बऱ्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं की नापास झालेल्या एका बारमागे तीन नवे बार तोडा, त्यातला एकही नापास झाला तर लॉट नाकारा, आणि सगळ्या चाचण्यांचे निकाल कळवा. लोक तीन बारांचं वाक्य लक्षात ठेवतात आणि शेवटचं विसरतात.

माझं सांगते, म्हणजे मी उंचावरून बोलते आहे असं तुला वाटणार नाही. नव्वदच्या दशकात मी एका छोट्या लॅबमध्ये होते. इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूचे स्ट्रेस रप्चर बार (भट्टीत तुटेपर्यंत ताणाखाली ठेवायचे) लावायचो : ६४९ अंश तापमान, ६९० मेगापास्कलचा ताण, आणि बार किमान २३ तास टिकला पाहिजे. भट्टीवर रात्रपाळीला एक मदतनीस असे. चौथीपर्यंत शिकलेला, पण भट्टीच्या आवाजावरून तापमान ओळखणारा माणूस. एकदा एक बार २२ तास आणि काही मिनिटांनी तुटला. त्या रात्री वीजही गेली होती. मी सकाळी आले, घड्याळ बघितलं, लोडशेडिंगची वेळ विचारली आणि 'वीज गेल्यामुळे चाचणी रद्द' असं लिहून मोकळी झाले. नवा बार लावायला सांगितलं. त्याने लावला, काही बोलला नाही. दुपारी माझ्या टेबलावर तापमानाच्या रेकॉर्डरचा कागदी चार्ट घडी घालून ठेवलेला होता. घडी बरोबर त्या जागी होती जिथे दिसत होतं की बार आधी तुटला आणि वीज नंतर गेली. मधे २० मिनिटं होती.

मी त्या चार्टकडे किती वेळ बघत बसले ते आठवत नाही. मग रद्दची नोंद एका रेघेने खोडली, शेजारी सही-तारीख टाकली आणि खरा निकाल लिहून कळवला. लॉट परत गेला. कस्टमरचा माणूस फोनवर तापला, आमचे मालक माझ्यावर तापले. त्या मालात नेमकं काय बिघडलं होतं ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. टेस्टिंगवाल्यांच्या वाट्याला शेवट येत नाही, याची तुलाही एव्हाना सवय झाली असेल. त्या मदतनिसाला मी धन्यवाद दिले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, चार्ट फाइलला लावायचा राहिला होता." एवढंच.

मला चार्ट दाखवणारं कुणी होतं म्हणून गाडी तिथेच वळली. ज्यांची वळली नाही त्यांच्या दोन गोष्टी सांगते. दोन्ही सरकारी दप्तरात नोंदलेल्या आहेत.

अमेरिकेतल्या पोर्टलंडची सापा प्रोफाइल्स ही कंपनी ॲल्युमिनियमची एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेले भाग) बनवायची. तिथे टेन्साइलचे नापास आकडे बदलून पास करण्याचा प्रकार १९ वर्षं चालला. आकडे बदलणं हा एक भाग. त्याशिवाय मशीनचा वेग वाढवायचा, सँपल ठरलेल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने कापायचं, असंही चालायचं. म्हणजे बार खरोखर तोडलेला, आकडा खरोखर मशीनवर आलेला, तरीही खोटा. ते ॲल्युमिनियम टॉरस एक्सएल रॉकेटच्या टोपणाच्या सांध्यात गेलं होतं. २००९ मध्ये नासाचा कार्बन मोजणारा उपग्रह आणि २०११ मध्ये ग्लोरी हा उपग्रह, दोन्ही वेळा टोपण उघडलंच नाही आणि दोन्ही उपग्रह गेले. सांध्यातलं ते ॲल्युमिनियम हे त्यामागचं कारण, असा नासाच्या चौकशीचा निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाला. नुकसान ७० कोटी डॉलरच्या वर. कंपनीने ४ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. आणि तुरुंगात कोण गेलं? लॅबचा सुपरवायझर, तीन वर्षं.

दुसरी गोष्ट विमानाची नाही, पाणबुडीची आहे, पण मला ती तुझ्या जास्त जवळची वाटते. टॅकोमा शहरातल्या एका फाउंड्रीत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोलादाची कास्टिंग्ज व्हायची. तिथली मेटलर्जी विभागाची प्रमुख १९८५ पासून २०१७ पर्यंत आघात चाचणीचे नापास आकडे पास करून लिहीत होती, २४० हून जास्त वेळा. पैसे खाल्ले असा आरोप तिच्यावर नव्हता. चौकशीत ती म्हणाली की उणे ७३ अंशांना चाचणी घ्यायची अटच तिला मूर्खपणाची वाटत होती, कारण पाणबुडी तेवढ्या थंडीत जातच नाही. शिकलेली, अनुभवी बाई, आणि तिच्या म्हणण्यात थोडं तथ्यही असेल. पण अट चुकीची वाटली तर नौदलाला पत्र लिहिता येतं. तिने आकडा लिहिला. २०२२ मध्ये तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा तिची साठी कधीच उलटली होती. आणि हे उघडकीला कसं आलं? तिच्या जागेवर यायला तयार होत असलेल्या लॅबमधल्या माणसाला जुन्या नोंदी बघताना संशय आला.

सरांची या लोकांशी तुलना करते आहे असं समजू नकोस. एक बार आणि ३२ वर्षं यात फरक आहे, आणि त्या फरकातच तुला हात घालता येतो. भीती दाखवायची असती तर तुरुंगाच्या गोष्टीवरच थांबले असते. मला दाखवायचं आहे ते हे, की या दोघांच्याही पहिल्या आकड्याची हकिकत तुझ्या ९.२ पेक्षा फार वेगळी नसणार.

आता तुझ्यापुढचे तीन रस्ते. राजीनामा, निनावी मेल, विसरणं. तिघांत एक साम्य तुला दिसतं का? तिन्हींमध्ये सरांशी बोलावं लागत नाही.

राजीनामा दिलास तर पाकीट लॅबमध्ये राहील आणि चिठ्ठी तुझ्याबरोबर हिंजवडीला जाईल. डेटाचं काम वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पगार, ब्लेझर घातलेली माणसं, एसी, सगळं खरं आहे. तुला ते हवं असेल तर जरूर जा, पण हे प्रकरण मिटवून जा. शिवाय तिथेही कधीतरी कुणीतरी म्हणेल, "ही एक ओळ काढून टाक, ग्राफ छान दिसेल." तेव्हा काय करशील?

निनावी मेल हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. लॅब दाबून टाकते असं दिसलं तर कस्टमरचा क्वालिटी विभाग, लॅबना मान्यता देणारी एनएबीएल, विमान उद्योगासाठी तशीच मान्यता देणारी नॅडकॅप ही दारं आहेत आणि तिथे तक्रारीची रीतसर सोय आहे. पण चार माणसांच्या लॅबमध्ये निनावी मेल निनावी राहत नाही, सगळ्यांना पहिल्या दिवशी कळतं. शिवाय आज तुझ्याकडे तक्रार करण्याइतकी माहितीही नाही. दोन माणसांनी दोन आकडे मोजले, एवढंच आहे. आणखी एक, हे सगळ्याच वाचकांसाठी : पुरावा म्हणून कस्टमरच्या ड्रॉइंगचे, रिपोर्टचे फोटो काढून घरी नेऊ नका. गोपनीयतेच्या करारावर तुमचीही सही असते आणि मग आकडा बाजूला राहतो, फोटोचीच चौकशी सुरू होते. २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. खासगी लॅबमधल्या नोकरीत त्याच्यावर विसंबू नका.

विसरण्याबद्दल मी काही बोलत नाही. विसरता आलं असतं तर तू पत्र लिहिलं नसतंस. बाबांवर मात्र रागावू नकोस. ज्यांनी आयुष्यभर साहेब सांभाळले त्यांना हीच म्हण येणार. त्यांची काळजी खरी आहे, तुझी नोकरी जाऊ नये ही.

चौथा रस्ता कंटाळवाणा आहे आणि लॅबच्या कपाटातच ठेवलेला आहे. तुमची लॅब आयएसओ १७०२५ या टेस्टिंग लॅबसाठीच्या प्रमाणाखालची आहे. २०१७ च्या आवृत्तीत ७.१० हे कलम चुकलेल्या कामाचं आहे आणि ७.८.८ दिलेला रिपोर्ट दुरुस्त करण्याचं. म्हणजे प्रमाण लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलंय की लॅबकडून चुका होणार आणि दिलेले रिपोर्ट कधीकधी परत उघडावे लागणार. रिपोर्ट सुधारून देणं ही लॅबची बदनामी आहे, हे आपण आपल्या मनाने ठरवलेलं आहे. मी जितके ऑडिटर बघितले, त्यातला अनुभवी माणूस पाच वर्षांत एकही सुधारित रिपोर्ट नसलेली फाइल बघून खूश होत नसे, तो खुर्ची पुढे ओढायचा.

पहिल्यांदा सरांकडे जा. सगळ्यांसमोर नको, चहाच्या वेळीही नको. गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं बरी. त्यांना चूक कबूल करायला लावायला जाऊ नकोस. म्हण, "सर, तो ९.२ माझ्या डोक्यातून जात नाही. माझा हात चुकला असेल तर कुठे चुकला ते मला शिकायचंय. तुकडे अजून आहेत. तिसऱ्या कुणाकडून मोजून घेऊ या का?" यात खोटं काही नाही, तुला ते खरंच शिकायचं आहे. मला वाटतं की सरही तो ९.२ विसरलेले नसतील. त्यांना परत यायला जागा ठेव. चिठ्ठी त्या वेळी त्यांच्यासमोर ठेव, मागाहून काढायला राखून ठेवू नकोस.

मोजणारा असा हवा की ज्याला दोन्ही आकडे माहीत नाहीत. व्ही-ब्लॉकवर तुकडे ठेवायचे, स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली फट बघायची, तीनदा सोडून तीनदा जुळवायचं, तिन्ही मापं पेनाने शीटवर लिहायची. बार कुठे तुटला आहे तेही मोजून लिहायचं. एक अडचण आधीच सांगून ठेवते : तुम्ही दोघांनी तुकडे इतके वेळा एकमेकांवर घासले असतील की टोकं थोडी झिजली असणार. त्यामुळे तिसरा आकडा अगदी पवित्र मानू नका, आणि तसं नोंदीतही लिहा. यूटीएमच्या (बार ताणणाऱ्या मशीनच्या) फाइलमधला ग्राफ बघा, पण त्याच्यावर फार भरवसा नको. यील्डनंतर, म्हणजे बार कायमचा ताणला जायला लागल्यावर, एक्स्टेन्सोमीटर (लांबीतली वाढ मोजणारं उपकरण) काढून घेत असाल तर इलाँगेशनपुरता तो मुकाच असतो. त्या फोर्जिंगचं टेस्ट मटेरियल शिल्लक असेल तर मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे धातूची आतली रचना, बघा. मला विचारशील तर माझा सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर बसेल.

तिसऱ्या मोजणीत १० किंवा त्याच्या वर आलं तर? तर तुझा हात खरंच बसलेला नव्हता. नोंद करा, फाइल बंद करा, आणि त्या रात्री झोप. हा निकाल लागू शकतो हे तू पत्रात कुठेही धरलेलं नाहीस. सर दोषी असले पाहिजेत असं तुझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलंय की काय, तेवढं एकदा बघ.

९.२, ९.४ असं काही आलं तर क्वालिटी मॅनेजरकडे नोंद, कस्टमरला कळवणं, सुधारित रिपोर्ट. इथे तुझं आणखी एक गृहीत आहे : कस्टमर माल फेकून देईल, लॅबचं काम जाईल. जाऊही शकतं, मी खोटा धीर देणार नाही. पण रेषेच्या जराशा खाली आलेला माल दरवेळी फेकला जात नाही. कस्टमरचे इंजिनिअर बसतात, तो भाग कुठे लागणार, तिथे ताण किती, हे बघतात आणि कधीकधी लेखी सवलत देऊन वापरतात. तो त्यांचा अधिकार आहे आणि गणितही त्यांच्याकडे आहे. १० लिहून तुम्ही दोघांनी तेच त्यांच्या हातून काढून घेतलंत. आकडा परत दिलात तर निर्णय त्यांचा त्यांना परत मिळतो.

सर चिडले तर? "माझ्या अनुभवावर शंका घेतेस?" असं म्हणाले तर? वाद घालू नकोस, बरं म्हण आणि बाहेर ये. त्याच दिवशी क्वालिटी मॅनेजरला चार ओळींचा मेल लिही, सर सीसीमध्ये ठेवून : अमुक तारखेचा बार, माझी मोजणी ९.२, रिपोर्टमध्ये १०, तुकडे अमुक कपाटात आहेत, पुन्हा मोजणी व्हावी ही विनंती. विशेषणं नकोत. 'दबाव', 'फसवणूक' हे शब्द नकोत. मेल गेल्यावर काही दिवस वाईट जातील. जेवणाच्या टेबलावर तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहील. ते सोसवेल का, हे तुझं तुला ठरवायचं आहे, आणि नाही सोसवलं तर मी तुला कमी लेखणार नाही. दोन आठवडे काहीच हललं नाही, किंवा पाकीट गायब झालं, तर मात्र वर लिहिलेली दारं आहेत. ती तुझ्या नावाने ठोठाव.

असंच पत्र गेल्या वर्षी वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म वाचणाऱ्या एका मुलाचं आलं होतं, आणि त्याआधी काँक्रीटचे क्यूब २८ दिवसांनी फोडणाऱ्या एकाचं. तुम्हा सगळ्यांना एकच सवय सांगते, फुकटची आहे : पहिला आकडा थेट शीटवर, पेनाने. चुकला तर एक रेघ, सही, तारीख, आणि खाली दुसरा. पहिला आकडा कागदावर उतरला की साहेबही 'पुन्हा मोज' म्हणताना कारण सांगतात. चिठ्ठीवर उतरला की कारण सांगावं लागत नाही. रेषेच्या जवळ आलेला प्रत्येक निकाल, खालचाच नव्हे तर जेमतेम वरचासुद्धा, दुसऱ्याने न बघता मोजायचा, असा नियम लॅबमध्ये लावून घेता आला तर उत्तम. १०.१ आलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि तिथे दुसरी मोजणी कुणी घेत नाही.

मोजून झालं की तुकडे त्याच पाकिटात घाल, पाकिटावर नवी तारीख टाक. चिठ्ठी शीटला टाचून ठेव. आणि तिसऱ्या मोजणीत काय भरलं ते मला कळव. छापणार नाही. इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, पण एखाद्या बारचं पुढे काय झालं ते मला क्वचितच कळलं आहे. एवढ्या एका बारचं कळलं तर बरं वाटेल.